दुधावर संशय

किस्से कुठे साठतात? जिथे कोणाचा कोणावर विश्वास नसतो तिथे. आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात बारा खाटा आहेत आणि बाराही खाटांवर संशय. पोरीला वाटतं आपल्याला दूधच येत नाही. सासूला वाटतं, येतं ते पातळ आहे. आणि मला वाटतं, या दोघींच्या पिशवीत पावडरच्या दुधाचा डबा लपवलेला आहे. मी इथली सिस्टर. रुग्णालय सिंदेवाहीच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, उगाच चौकशी लागायची. माझा नवरा म्हणतो, तू चुकून नर्स झालीस, पोलिसात हवी होतीस.

*

डब्यांचंच आधी सांगते. एका आजीच्या पिशवीत लुगड्याच्या घडीत गुंडाळलेला डबा मला हाताला लागला. झाकण उघडलं तर आत पांढरी पावडर. आजी पाणी आणायला गेल्या होत्या. म्हटलं पुरावा पक्का करू, म्हणून बोटावर घेऊन चाटली. चव विचित्र लागली, म्हणून आणखी थोडी चाटली. तेवढ्यात आजी दारात उभ्या.

"बाई, ते लेकराच्या अंगाले लावाचं पावडर व्हय. तुम्ही काऊन खाऊन राह्यल्या?"

दिवसभर माझ्या तोंडाला गुलाबाचा वास येत होता.

*

तीन नंबरला शाहीन होती, बांगडीवाल्यांच्या घरची सून. चार नंबरला दुर्गा, शेतकऱ्याची. आमच्याकडे समज असा, की एका बाळंतिणीची नजर दुसरीच्या दुधाला लागते. दोघींच्या सासवांचं इतर कशावर एकमत नव्हतं, यावर मात्र झालं. दोन खाटांच्या मध्ये त्यांनी चादर बांधली. मी ओरडले, पण राहू दिली. बाळंतिणीचं मन शांत असलं की दूध बरं उतरतं, एवढं मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी चादर सोडली तर बरोबर डोळ्याच्या उंचीवर भोक! शेजारणीचं बाळ आपल्या बाळापेक्षा जास्त पितं की काय, ते पाहायला पाडलेलं. मी दुर्गाला झापलं. मग शाहीनला समजवायला गेले, तर ती खाली मान घालून हसत होती.

भोकं दोन होती.

*

माजरीच्या खाणीत डंपर चालवणारा एक बाप होता. त्याला सगळं मोजून हवं. बाळ किती एम.एल. प्यालं, हे कळत नाही म्हणजे काय? छातीला मीटर नाही, तर भरवसा कशाचा? बायको बिचारी त्याच्या तोंडाकडे बघून रडकुंडीला आलेली. मी त्याला समजावलं, की पहिल्या दिवशी बाळाचं पोट बोराएवढं असतं, थोडंसं दूध पुरतं. तो मान डोलावून बाहेर गेला. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आले तर हा दारातच उभा, दोन्ही तळहात पुढे करून. एकावर इवलंसं बोर, दुसऱ्यावर लिंबाएवढं.

"सिस्टर, गावरान बोर का ॲपल बोर?"

*

आता कमलाबाई. आमच्याकडे झाडूपोछा त्या करतात. खाटांखाली त्यांचा पोछा पोचत नाही असा मला दाट संशय होता. म्हणून मी सात नंबरच्या खाटेखाली खडूची छोटी खूण केली. संध्याकाळी पाहते तर खूण गायब. कमलाबाई माझ्या मागेच उभ्या होत्या.

"पुसली, बाई. आता दुसरी कुठी करता, ते सांगून ठेवा."

त्या दिवसापासून कमलाबाईंनी माझ्यावर सूड उगवला. फिनाईल दुप्पट. कानाकोपऱ्यात, खाटांखाली, दिवसातून तीनदा. वास पार गेटपर्यंत जायचा.

*

त्याच आठवड्यात वैशाली आली. आरमोरीकडची, धानवाल्या घरची, पहिलटकरीण. तिसऱ्या दिवशी दूध छान उतरलं होतं. बाळ गटागटा पीत होतं, मला शेजारच्या खाटेवरून ऐकू यायचं. पण सासू सारखी विचारायची, पोट भरते का त्याचं? आणि तिनं विचारलं की ही पोरगी बाळाला घाईनं छातीपासून सोडवायची. जेवढं पाजशील तेवढं येईल, हे सांगून मी थकले. मला खरंच भीती वाटत होती. अशा पोरी घरी जातात आणि महिन्याभरात डब्यावर येतात.

त्या दुपारी सासूनं परीक्षा मांडली. वैशालीच्या दुधाचे चार थेंब खाटेखाली फरशीवर टाकले. मुंग्या लागल्या तर दूध गोड, नाही लागल्या तर खराब. त्यांच्या घरची जुनी रीत. अख्खा वॉर्ड माना वाकवून बघत बसला. अर्धा तास झाला, एकही मुंगी आली नाही. येणार कुठून? कमलाबाईंचा पोछा नुकताच फिरला होता.

"पाहा बाई," सासू म्हणाली. "मुंगी तोंड लावत नाई, त्या दुधावर लेकरू कसं जगन?"

आणि तिनं पिशवीतून डबा काढला. होताच! मी फिनाईलचं सांगितलं, पण कोण ऐकतं. सिस्टर तर आईच्या दुधाच्याच बाजूची. वैशालीनं मुकाट्यानं बाळाला बाजूला निजवलं. सासूनं वाटीत पावडर कालवली आणि चमचा बाळाच्या ओठाशी नेला.

वैशालीनं तिचा हात धरला. तीन दिवसांत त्या पोरीनं स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट. तिनं वाटी काढून घेतली, टाके सांभाळत हळूहळू खाली बसली आणि त्या दुधाचे चार थेंब आपल्या थेंबांशेजारी टाकले.

पुन्हा अर्धा तास. सासूचे डोळे फरशीवर. मुंगी नाही.

वैशाली खाटेला धरून उठली. बाळाला उचललं आणि पदराखाली घेतलं.

"डब्याचंबी नापास झालं, आई. आता मले पाजू द्या."