बीमच्या गाठी

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत स्वस्थ बसू शकत नाही. सोलापुरात टाळेबंदी होती आणि मी ठाण्याचा प्रभारी होतो. टॉवेलच्या एका छोट्या कारखान्याचे म्हातारे मालक तक्रार घेऊन आले. महिनाभर बंद असलेला कारखाना उघडला, तर सहापैकी दोन माग गायब. कुलूप शाबूत होतं. चावी त्यांच्या मुलाकडे असायची आणि दुसरी मूळच्या वैराग गावाकडच्या एका जुन्या कामगाराकडे. मुलावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

कामगाराला जीपमध्ये घातलं. झाडून सगळी गल्ली घरात होती, दारादारातून लोक बघत होते. दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. अटक नाही, नोंद नाही, हे आज कबूल करतो. मी टेबलावर काठी आपटली, तरी त्याचं उत्तर एकच होतं.

"मला काय म्हाईत न्हाय, साहेब."

पंचनामा खरं तर आधी करायचा. बंदोबस्ताच्या धावपळीत तो मी तिसऱ्या दिवसावर ढकलला होता. कारखान्यात गेलो, तर भिंतीला दोन बीम, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचे रूळ, टेकवून ठेवलेले. धागे सरळ कापून, विंचरून, जुड्या करून नीट गाठी मारलेल्या. वर जुनी चादर. मी स्वतःवरच चरफडलो. चोर एवढा वेळ कशाला घालवेल? हे धागे ज्याला पुन्हा मागावर चढवायचे आहेत, त्याचंच हे काम होतं.

मुलाला बाजूला घेतलं. "गाठी कुणी मारल्या?"

त्यानं बीमवरची चादर सारखी केली. "साहेब, कामगारांच्या घरात पीठ नव्हतं. दोन माग भंगारात घातले. आप्पांनी एकेक माग जोडून कारखाना उभा केलाय. त्यांना सांगायचं कसं?"

"आणि तो दोन दिवस ठाण्यात बसलाय, त्याचं काय?"

मुलाला वडिलांसमोर उभं करून सगळं सांगायला लावलं. म्हाताऱ्यांनी तक्रार मागे घेतली.

"तुला ठाऊक होतं ना?" ठाण्यात परतून मी कामगाराला विचारलं.

"व्हय. त्या पैशाचं पीठ आमीबी खाल्लं की."

जीपनं त्याला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. उतरताना तो म्हणाला, "साहेब, आत येऊन लोकास्नी सांगा की, मी चोर न्हाय म्हून."

मी घड्याळ बघितलं. सात रस्ता चौकात बंदोबस्त लावायचा होता. "नंतर येतो," म्हणालो.

धंदा बसला की माणसं चोरी करतात त्याहून जास्त लपवतात, हे त्या वेळी शिकलो. प्रकरण उलगडायला मला तीन दिवस लागले. त्या गल्लीत जाऊन चार शब्द बोलायला मात्र निवृत्त झालो तरी जमलेलं नाही.