मोठ्या खोलीतली पाहुणी

कोठीवर सगळे तिला फौजदारीण म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. पाहुणा नुसता हसला तरी तिच्या मनात पाल चुकचुकायची. हा का हसला?

ती जुनी कोठी मालकाने डागडुजी करून चकाचक केली होती. पैसेवाली कुटुंबं अख्खी कोठी भाड्याने घेऊन सुट्टीला येत. खोल्यांची देखरेख फौजदारिणीकडे. कुणाची खोली कुठली, हे दारावरच्या नावाच्या पाटीवरून ठरे आणि पाट्याही तीच लावी.

एक दिवस मॅनेजर म्हणाला, "एक माणूस कमी करायचाय. मालक पाहुण्यांत आपलं कुणीतरी घुसवून पाठवणार आहेत, नीट वागा."  फौजदारिणीचा नवरा घरी बसलेला, चूल तिच्या पगारावर.

पुढचं कुटुंब संध्याकाळी उतरलं आणि मालकाचा माणूस तिने चुटकीसरशी ओळखला. बाकीची मंडळी झुंबराखाली फोटो काढण्यात दंग, ही एक बाई मात्र गप्प. कपडे साधे, मुद्दामच असणार! थोड्या वेळाने ती वर पलंगांखाली वाकून बघत होती. धूळ शोधतेय, दुसरं काय? आम्ही काय दुधखुळे आहोत?

फौजदारिणीने गुपचूप पाट्या बदलल्या. नक्षीदार पलंगाची मोठी खोली त्या बाईला गेली. सकाळी पलंगावरच चहा नेला, तर बाई दचकून उठली.

"हे कुणी सांगितलं? माझ्याकडून काय हवंय तुम्हाला?"

"काही नाही हो, ताई."

दोघींचाही एकमेकींवर काडीचा विश्वास बसला नाही.

नाश्त्याला त्या बाईच्या थोरल्या जाऊबाई कडाडल्या. "काल दमले होते म्हणून गप्प बसले. आमच्या धाकटीला मोठी खोली? दीर गेल्यापासून आम्हीच सांभाळतोय तिला. मुलांकडे बघायला आणलीय, पलंगाखालचे मोजे गोळा करायला!"

चहा घेऊन आलेली फौजदारीण दारातच थांबली. म्हणजे ही मालकाची माणूस नव्हतीच!

"पाट्या कुणी बदलल्या?" मॅनेजरने विचारलं. "ज्याने बदलल्या, त्याने उद्यापासून येऊ नये."

"मी बदलल्या," धाकटी म्हणाली.

ती थोरल्या जाऊबाईंकडे वळली.

"मोठ्या खोलीत, खिडकीपाशी झोपावंसं वाटलं एकदा."

थोरल्या जाऊबाईंनी तिला तिथेच नको नको ते ऐकवलं. तिने मान खाली घातली आणि बॅग आवरायला गेली. फौजदारिणीने तिला जिन्यात गाठलं.

"खोटं का बोललात, ताई?"

"सकाळच्या चहावरून कळलंच मला, पाट्या तुम्हीच बदलल्यात. तुमची नोकरी गेली असती ना. मला काय, दोन शब्द जास्त ऐकावे लागले."

बॅग आवरून ती मुलांच्या खोलीकडे गेली. एवढं होऊनही फौजदारीण मोठ्या खोलीत शिरली. काही उचललं तर नाही ना? कपाट उघडलं, टॉवेल तपासले, उशा उचलून पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं. चादरसुद्धा धाकटीने स्वतः ताणून घातली होती. फौजदारीण पलंगाच्या कडेला बसली. आजवर तिला पुष्कळांचा राग आला होता, पण आज आला तसा कुणाचाच नाही, आणि आज तो स्वतःचाच होता.