चुलवाणावरचा दिवा

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली पहिली मी. हे मी मिरवते आणि मिरवणारच. पण कोडोलीच्या गुऱ्हाळातली ती दुपार आठवली की अजून कान तापतात.

माझे वडील, आप्पा, तिथले गुळव्या, म्हणजे गूळ करणारे. काहिलीतला उकळता पाक बादलीतल्या गार पाण्यात सोडायचा, बोटांनी चाचपायचा. गोळी वळली की काहील उतरवायची. त्यांच्या हातून एकही आधण, म्हणजे एका काहिलीचा गूळ, बिघडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

काहिलीखालच्या चुलवाणाची किती उष्णता नुसती धुराड्यातून जायची! तिच्यातून वीज काढायची, हे माझं खूळ. एक बाजू तापली आणि दुसरी गार राहिली की वीज देणारी पट्टी मी आणली होती. ती धुराड्याला बांधली, तिला एक बारका दिवा जोडला. दुसरी बाजू गार ठेवायला हाताशी होती ती बादली घेतली, तिचं पाणी नळीनं पट्टीमागून फिरवून परत तिच्यातच सोडलं.

"एका आधणापुरतं," आप्पा म्हणाले. "गूळ बिघडला तर सगळं काढायचं."

वाफेत माणसं तरंगल्यासारखी दिसत होती. उसाच्या गोड वासानं डोळे जड झाले होते. त्या पांढऱ्या धुक्यात जाईच्या कळीएवढा दिवा लागला आणि मी बघतच राहिले.

"पोरीनं धुराला पण कामाला लावलं की!" जाळ घालणारे काका हसले.

थोड्या वेळानं दिवा मंदावला. मला वाटलं, जाळ कमी पडला.

"काका, जाळ वाढवा की!"

"व्हय इंजिनिअर बाई!" त्यांनी चिपाडं आत ढकलली. दिवा आणखीच मिणमिणला.

तिकडं आप्पा बादलीत बोटं घालत होते. "अजून न्हाय," म्हणत थांबत होते. तिसऱ्यांदा हात घातला तो तसाच ठेवला.

"पाणी कोमट हाय."

पट्टीमागून फिरून फिरून त्यांचं पारखायचं पाणीच तापलं होतं; त्यात गोळी वळेना आणि पाक जास्त शिजत राहिला. काहील उतरवली तोवर गूळ काळपट पडला होता. एरवी आप्पा सोनेरी ढेपा दाखवायला लोकांना हाका मारायचे. त्या दिवशी ढेपांवर पोतं टाकलं.

सकाळी मी पट्टी सोडायला गेले. धुराड्याजवळ विहिरीच्या पाण्यानं भरलेली दुसरी बादली होती. नळी तिच्यात सोडून आप्पा उभे होते. दिवा लागला होता.

"ही तुझी, ती माझी," ते म्हणाले. "हात लावायचा न्हाय."

मग काहिलीकडं वळले. पाक ढवळता ढवळता वाफेतून त्यांची नजर दिव्याकडं जात होती. मी वहीत काहीतरी लिहीत होते.

"मंदावला बघ," ते ओरडले. "पाणी बदल की, लिहीत काय बसलीस!"