पांढरं फडकं

डोमाजी मिस्त्री माणसाचं तोंड नंतर बघत, आधी त्याचा शेंबूड बघत. असं लिहायला मलाच थोडं ओशाळवाणं वाटतं, पण त्यांची ओळख करून द्यायची तर दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

नागपूरच्या लकडगंजातल्या त्या फर्निचरच्या कारखान्यात मी गाद्या शिवायला लागले, त्याच दिवशी संध्याकाळी हा प्रकार पाहिला. सुटीच्या वेळी सगळे कारागीर नळाजवळ जमलेले आणि एक उंच, वाळका माणूस प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या कापडाचा एकेक तुकडा देत होता. प्रत्येकाने त्यात नाक शिंकरायचं आणि फडकं त्याच्याकडे परत द्यायचं. मग तो ते उजेडाकडे धरून असं निरखायचा, जणू सोनाराच्या दुकानात उभा आहे. फडक्यावर सागवानाच्या भुकटीचा पिवळा डाग दिसला की त्या कारागिराची दुसऱ्या दिवशी धडगत नसे. मी वर्षभर खटपट करून ही नोकरी मिळवली होती, आणि मनात म्हटलं, आपण कुठल्या वेड्यांच्या बाजारात येऊन पडलो.

डोमाजी तिथले मुख्य मिस्त्री होते. छप्पन साली तरुणपणी दीक्षा घेतलेले, इंदोरा वस्तीत राहणारे, दर दसऱ्याला पांढरं धोतर आणि पांढरा सदरा घालून दीक्षाभूमीवर जाणारे. जुनी झालेली धोतरं फाडूनच ही फडकी व्हायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पांढरं फडकं झूट बोलत नाई." कुणी सांगितलं की मला खोकला नाही, काही नाही, तर ते म्हणायचे, "तुह्या तोंडाले काय विचारू गा? तुह्या फडक्याले विचारतो."

बायकांच्या बाबतीत मात्र त्यांनी मर्यादा पाळली. काथ्या पिंजताना माझ्याही नाकात काय कमी जायचं? मला ते फडकं घडी करून द्यायचे आणि दुसरीकडे बघत म्हणायचे, "वैनी, घरी जाऊन पाहून घ्या. मले फक्त सांगा, पिवळं का पांढरं." मी सुरुवातीला न बघताच 'पांढरं' म्हणून ठोकून द्यायची. एकदा खरंच बघितलं, आणि त्या दिवसापासून मीही पदर नाकावरून घट्ट बांधायला लागले.

या वेडामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ आरा मशीनवर होता. भुकटी खाऊन खाऊन त्याची छाती गेली, शेवटी नाकातून रक्त यायचं, आणि चाळिशीच्या आतच तो संपला. गोष्ट संपवताना डोमाजी फक्त एवढंच म्हणाले, "त्याचा रुमाल कोणी पायलाच नाई, वैनी." पुढे कितीतरी वेळ ते रंध्याचं पातं पुसत बसले होते.

तेव्हा लाकूडकाम करणाऱ्या माणसाने नाकाला काय बांधावं, याचा विचार करणारा दुसरा माणूस निदान मी तरी नागपुरात पाहिला नाही. लोक उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून डोक्याला दुपट्टा बांधत, तोच नाकावर ओढून घेतला की झालं. डोमाजींनी त्या दुपट्ट्याचीही परीक्षा घेतली. कोरडा बांधून पाहिला, ओला बांधून पाहिला, दुहेरी, चौपदरी. ओला चांगला, पण उन्हाळ्यात घटकेत वाळतो. मग माझ्याकडून मधे कापूस घालून नाकातोंडावर बसतील अशा टोप्या शिवून घेतल्या. नाकाच्या बाजूने फट राहते असं दिसल्यावर उसवून पुन्हा शिवायला लावल्या. मी चिडले तर म्हणायचे, "रागवा, पण टाका बारीक घाला."

किस्ना नावाचा त्यांच्या हाताखालचा पॉलिशवाला होता. त्याला मूल होत नव्हतं म्हणून त्याने नवसाची दाढी राखली होती. त्याचं फडकं रोज पिवळं यायचं. डोमाजींनी ताडलं की दाढीमुळे टोपी गालाला चिकटत नाही. त्यांनी किस्नाला सगळ्यांसमोर विचारलं की पोट्टं बायकोला व्हायचं आहे की दाढीला. चार दिवस किस्ना त्यांच्याशी बोलला नाही, पाचव्या दिवशी गुळगुळीत होऊन आला. त्या संध्याकाळी त्याचं फडकं पांढरं निघालं, आणि पुढच्या वर्षी त्याला मुलगीही झाली. दोन्हीचं श्रेय डोमाजींनी घेतलं.

त्यांच्यात एक उणीव होती आणि आम्ही सगळे तिची चेष्टा करायचो. त्यांना वास येत नसे. इतक्या वर्षांच्या भुकटीने नाक केव्हाच बोथट झालेलं होतं. एकदा प्लायवुडच्या थप्पीमागे घूस मरून पडली. सगळे डबे उचलून बाहेर रस्त्यावर जेवायला गेले आणि डोमाजी एकटेच त्या थप्पीला टेकून शांतपणे भाकर खात होते. त्यांच्या बायकोची, कौसल्याबाईंची, डाळ चुलीवर करपून काळी व्हायची आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले असायचे. "नाक गेलं तर गेलं," ते म्हणायचे, "डोये शाबूत हायेत ना." आम्ही हसायचो. आज त्या हसण्याची आठवण आली की जीव कासावीस होतो.

मालक वाईट माणूस नव्हता. डोमाजींनी मागे लागून लागून त्याच्याकडून खऱ्या मुखवट्यांसाठी हो म्हणवून घेतलं आणि टाके-बंद बघायला मलाही बरोबर घेऊन इतवारीच्या बाजारात गेले. दुकानदाराने दोन तऱ्हेचे रबरी मुखवटे पुढे ठेवले. एकात नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती होती, दुसऱ्याला कोळसा भरलेली डबी. कोळशाचा कशासाठी, असं मी विचारलं. दुकानदार म्हणाला, वाफेसाठी आहे म्हणतात, डबी मात्र सारखी बदलावी लागते. डोमाजींनी त्याला एक धुळीचं पोतं आणायला लावलं, मुखवटा चढवला आणि म्हणाले, झटका. अख्ख्या दुकानात धुरळा झाला, गिऱ्हाईकं शिंकत बाहेर पळाली. एकेक मुखवटा लावून झाल्यावर त्यांनी खिशातलं फडकं काढून नाक शिंकरलं. दोन्ही वेळा पांढरं.

"दोन्ही साफ," ते म्हणाले. "मंग कोळशाचं काहून घ्याचं? कोळसा तर घरी चुलीत हाये."

आम्ही नमद्याचे घेऊन आलो. डोमाजी इतके खूश होते की वाटेत त्यांनी मला उसाचा रस पाजला. भुकटीसाठी ते मुखवटे उत्तमच होते, हे सांगितलं पाहिजे. रंध्यावरच्या आणि पॉलिशकागद घासणाऱ्या कारागिरांची फडकी त्यानंतर कधी पिवळी झाली नाहीत. त्या कारागिरांपैकी काही जण आजही ठणठणीत आहेत, आणि ते डोमाजींमुळे आहेत.

ऐंशीच्या आसपास नवीन पॉलिश आलं. आधी स्पिरिटमध्ये लाख विरघळवून हाताने पॉलिश चढवत. हे नवं दोन डब्यांतून यायचं, ऐन वेळी एकमेकांत मिसळायचं आणि पिचकारीने उडवायचं. टेबलात तोंड दिसेल अशी चकाकी यायची. पण ओल्या पॉलिशवर एक कण जरी बसला तरी चकाकी बिघडायची, म्हणून पॉलिशची खोली कडेकोट बंद करावी लागली. खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवले. दार उघडलं की पार गाद्यांच्या कोपऱ्यात माझेही डोळे चुरचुरायचे.

किस्ना आठवड्यात कुरकुरायला लागला. नमद्यातून वास येतो, डोकं गरगरतं, मळमळतं. डोमाजी म्हणाले, "वासाचं काय घेऊन बसला गा? वास तं अत्तराचाबी येते. फडकं दाखव." फडकं दुधासारखं पांढरं होतं. किस्ना तिथेच भिंतीला धरून ओकला. डोमाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "तुले वास सोसत नाई. मले तं येतच नाई. तू रंध्यावर जाय, मी बसतो पॉलिशले."

अशी ती अदलाबदल झाली. मालकाने कोळशाचा मुखवटा आणू का म्हणून विचारलं होतं, तर डोमाजींनीच नको म्हटलं. गरज काय, फडकं साफ आहे. रोज संध्याकाळी त्या खोलीतून ते लाल डोळ्यांनी बाहेर येत, नाक शिंकरत, आणि मला लांबून फडकं दाखवत. "पाहा वैनी, माह्याएवढं साफ कोणाचंच नाई." खरंच नव्हतं.

पहिला पावसाळा गेला आणि त्यांना खोकला लागला. छातीत शिटी वाजायची. इंदोऱ्याहून सायकलने येणारे डोमाजी आता पुलाच्या चढावर उतरून सायकल हाताने ढकलायला लागले. रविवारी घरी राहिले की बरं वाटायचं, सोमवारी कामावर आले की पुन्हा दम. त्यावर त्यांनी पुष्कळ विचार केला आणि ठरवलं की सायकल सोसत नाही. ती विकून टाकली आणि पायी येऊ लागले. माझं मन त्या खोलीवर जात होतं, एकदा बोललेसुद्धा. त्यांनी नेहमीप्रमाणे फडकं पुढे केलं. त्या पांढऱ्या तुकड्यापुढे माझं तोंड बंद व्हायचं.

पुढच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. पॉलिशचं काम तुंबलं तेव्हा मालकाने पुन्हा किस्नालाच त्या खोलीत बसवलं, दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. मोठ्या दवाखान्यात कौसल्याबाईंसोबत मी गेले होते. डॉक्टरांनी काम काय करतात ते सविस्तर विचारून घेतलं, मुखवटा कसला तेही विचारलं. मग सांगितलं की नमदा धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेला कोळशाची डबी लागते, आणि त्याहीपेक्षा मोकळी हवा. आता छातीत फार काही उरलेलं नाही. कौसल्याबाई बाहेर आल्यावर भिंतीशी बसल्या आणि म्हणाल्या, "यायले सांगू नका वं. फडक्यावर लय भरोसा हाये त्यायचा."

मी सांगणार नव्हते; त्यांच्या कानावर जाईल म्हणून कारखान्यातही कुणापाशी बोलले नव्हते. पण एका रविवारी संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा ते उशांना टेकून बसले होते. मधेच खोकल्याची उबळ आली. संपेना. मी त्यांचा खांदा धरून ठेवला, हाडाशिवाय हाताला काही लागत नव्हतं. उबळ ओसरल्यावर त्यांनी उशाखालचं फडकं काढलं, तोंड पुसलं, नाक शिंकरलं, आणि सवयीने दिव्याकडे धरलं.

"साफ हाये वैनी," ते म्हणाले. थांबून थांबून बोलत होते. "मंग हे काहून?"

माझ्याच्याने राहवलं नाही. ज्या माणसाने जन्मभर प्रत्येकाचं फडकं खरं पाहून खरं सांगितलं, त्याला मी खोटं काय सांगणार? मी म्हटलं, "त्या वाफेला रंगच नसतो, डोमाजी. ती फडक्यावर दिसत नाही."

कौसल्याबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडावर धरला. डोमाजींनी फडक्याची नीट घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. मला वाटलं ते रडतील. पण त्यांनी एकदम मान वर केली.

"पॉलिशवर कोन हाये आता?"

मी सांगितलं, किस्ना.

ते उठायला लागले. उठता येईना तसे माझा हात धरला. "आधी त्याले जाऊन सांगा. बाकी सारं मागून. म्हना, मिस्तरी चुकला. फडक्यावर जाऊ नको म्हना, नाकावर जाय. त्याचं नाकच खरं होतं."

त्या रात्री त्यांचा दम वाढतच गेला, मी तिथेच थांबले; पहाटे डोमाजी गेले. घरात धुतलेलं एकच पांढरं धोतर होतं, दसऱ्याचं, तेच त्यांना नेसवलं. माणसं जमू लागली तशी कौसल्याबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमी जा वं आधी. त्यायनं सांगतलं ना."

मी गेले. कारखाना नुकताच सुरू झाला होता. पॉलिशच्या खोलीचं दार उघडलं आणि लाल डोळ्यांचा किस्ना बाहेर आला. मला पाहून त्याने मुखवटा वर सरकवला, खिशातून पांढरं फडकं काढलं, नाक शिंकरलं आणि मी काही म्हणायच्या आत ते उलगडून माझ्यापुढे धरलं.

"पाहा वैनी, साफ. मिस्तरीले सांगा, काळजी करू नका म्हना. आता तं मले वासबी येत नाई."

मी त्याच्या बाजूने खोलीत शिरले. खिडक्यांच्या फटींवरचे कागद ओरबाडून काढले आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. वाऱ्याबरोबर अंगणातली भुकटी आत आली आणि ओल्या टेबलावर बसायला लागली. किस्ना मागून सांगत होता की टेबल खराब होऊन राहिलं, मालक ओरडेल. मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर नळापाशी आणलं, तोंड धुवायला लावलं.

मग आधी त्याला निरोप सांगितला, शब्द न शब्द. मिस्त्री पहाटे गेले, हे त्यानंतर सांगितलं.