मांडीखालचे हात

खुर्चीवर बसण्यापूर्वी ते आपले दोन्ही तळहात उताणे करून एकदा नीट पाहत, मग मांड्यांखाली सारत आणि त्यांच्यावर आपला सगळा भार टाकून बसत. एवढा विधी पुरा झाला की समोरच्याला म्हणत, "बोल रं गड्या. माजं हात बसल्यात."

समोरचा बहुधा बायकोला मारून आलेला असे. त्या हातांकडे पाहून तो आधी बिचके आणि ते बसलेले पाहून सैल होई. कुस्तीत चुरगळून गाठीसारखे झालेले कान, खांद्यातच बुडालेली मान आणि एखाद्या बाळंतिणीशी बोलावे तसा हळू आवाज. अशा शरीरात असा आवाज तुम्हीही क्वचितच ऐकला असेल. सगळी सांगली त्यांना वस्ताद म्हणत असे. मीही तेच म्हणतो.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. नदीकाठच्या देवळाच्या एका ओवरीत मी मुलांना संस्कृत शिकवीत असे. शेजारच्या ओवरीत साताऱ्याच्या एका ताईंनी कुटुंब सल्ला केंद्र उघडले होते आणि अंगणापलीकडे वस्तादांची तालीम होती. दोन ओवऱ्यांमधली भिंत एकच. शब्द कळत नसत, पण हुंदका, शिवी आणि आपटलेली खुर्ची स्पष्ट ऐकू येई. माझी मुले शब्दरूपे म्हणत आणि पलीकडे कोणाचा तरी संसार फुटत असे.

एका दुपारी ऊसतोडीचा कोयता घेऊन एक माणूस ओवरीत शिरला. त्याची बायको ताईंच्या मागे भिंतीला चिकटली होती. ताईंची हाक ऐकून वस्ताद अंगाला लाल माती तशीच घेऊन धावले. त्यांनी मागून मनगट धरले आणि नुसते दाबले. कोयता फरशीवर पडला. आता वस्ताद त्याला उभा चिरणार असे वाटून मी डोळे मिटले. तेवढ्यात ऐकू आले, "सकाळपास्नं काय खाल्लंस रं?" कापायला आलेला तो माणूस मोठ्याने रडू लागला. त्याने काहीच खाल्ले नव्हते.

ताईंनी ते पाहिले आणि वस्तादांना सल्ला देण्याचे काम शिकायला साताऱ्याला नेले. परत आल्यावर ते मला म्हणाले, "गुरुजी, मला वाटलं बोलाय शिकिवत्याल. त्यांनी गप बसाय शिकिवलं. लय अवघड डाव हाय ह्यो."

रोज पहाटे तालमीतला हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, ते स्वतः फावड्याने उकरीत. शिष्य होते, पण हे काम ते कोणाला देत नसत. तेल, हळद, ताक घालून माती हाताने मळत, मारुतीला उदबत्ती लावत आणि मगच पैलवानांना आत घेत. सल्ला केंद्र त्यांच्यावर सोपवून ताई साताऱ्याला परतल्या, तरीही हा नेम सुटला नाही. मी एकदा कारण विचारले.

"घट्ट मातीत पडला की पैलवानाचं हाड मोडतंय," ते म्हणाले. "हितंबी तसंच. मानूस आपल्याफुडं येऊन पडतोय. आपलं मन घट्ट असलं तर त्याचं मोडतंय. म्हनून आदी आपली माती उकरायची. रोजच्या रोज. कालची चालत न्हाई."

ताईंचा आणखी एक दंडक होता. जो दिवसभर दुसऱ्याचे ऐकतो, त्याचे ऐकणारे कोणी तरी असलेच पाहिजे. वस्तादांनी त्यासाठी मला निवडले. दर गुरुवारी संध्याकाळची आरती झाली की ते माझ्या पायरीवर येऊन बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले, "तुमी आठवडाभर देवाचं ऐकताय. गुरवारी थोडं माजं ऐका. श्लोक मातर नंतर." माझ्या जिभेवर सवयीने काही आलेच तर ते एक बोट वर करीत. मी तोंड मिटून घेई. पुढे पुढे त्या मौनात मला जपासारखे सुख वाटू लागले.

अशाच एका गुरुवारी त्यांनी ती गोष्ट सांगितली. माझ्या मनात बरेच दिवस एक लहानसे कुतूहल होते. वहिनींबरोबर, म्हणजे त्यांच्या पत्नीबरोबर, देवळात येताना ते नेहमी त्यांच्या उजव्या बाजूने चालत. गर्दी असो, चिखल असो, वळसा घालून पुन्हा उजवीकडेच येत. ही मर्यादा कोणत्या कुळाची, असे मी थट्टेने विचारले. वस्ताद हसले नाहीत.

"डाव्या कानानं तिला ऐकू येत न्हाई, गुरुजी. म्या फोडलाय त्यो."

तरुणपणी जतकडच्या एका जत्रेत, सगळ्या गावासमोर, ते चितपट झाले होते. घरी आले तेव्हा वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, "लागलं का?" त्यांनी उजव्या हाताने सर्व ताकदीनिशी त्यांच्या कानशिलात मारली. बाई चुलीजवळ पडली. कानातून आलेले रक्त गळ्यातल्या काळ्या मण्यांत उतरले.

"तिनं निस्तं 'लागलं का' इचारलं हुतं," ते पुन्हा म्हणाले आणि पायरीवरही त्यांनी हात मांडीखाली घेतले.

त्यानंतर एक वाईट उन्हाळा आला. सरकारी दवाखान्यात भाजलेली एक तरुण मुलगी आणली होती. स्टोव्ह भडकला, असे सासरचे सगळे एका सुरात सांगत होते. तिचा नवरा पूर्वी वस्तादांच्या समोरच्या खुर्चीत बसून, हात जोडून, शपथ घेऊन गेला होता. वस्ताद तिच्या खाटेशी बसून राहिले. तिच्या अंगावर हात ठेवायला जागा नव्हती. ती गेली.

तिच्यानंतर त्यांचे उकरणे थांबले. सकाळपासून ओवरीत बसत, सुट्टीच्या दिवशीही बसत, जेवण राही. गुरुवारची पायरी रिकामी राहू लागली. मी बोलावले तर म्हणाले, "येळ कुठाय, गुरुजी? हितं मान्सं मराय लागल्यात आन म्या माती उकरत बसू?" दयेपोटी चुकणाऱ्याला काय सांगावे, हे मोठमोठ्या पंडितांनाही सुचत नसावे. तालमीतली माती दगडासारखी झाली. एका पैलवानाचे खांद्याचे हाड त्या हौद्यात मोडले. तो आवाज माझ्या ओवरीपर्यंत आला. वस्ताद उठून पाहायलाही गेले नाहीत.

त्याच दिवसांत एक शिवणकाम करणारी बाई आली. डोके फुटलेले, पदर रक्ताने चिकटलेला, पुढचे दोन दात नाहीत. नवरा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी तोही आला, तंबाखू मळत, हसत.

माझ्या ओवरीचे दार त्या दिवशी उघडे होते, म्हणून पुढचे मी ऐकले.

"बायकू माजी हाय. तुमच्या का पोटात दुकतंय?"

"बोल रं. माजं हात—"

"बसल्यात, व्हय? ऐकलंय. बसवाय लागत्यात, त्याअर्थी सवय हाय म्हना की! तुमीबी मालकिनीचा कान फोडलायच की वस्ताद. जतपातूर सगळ्यांस्नी म्हाईत हाय. मला शानपन शिकिवतोय!"

मग खुर्ची पडली. मी बाहेर धावलो तोवर हात मांडीखालून निघाले होते. त्यांनी त्या माणसाला भिंतीवर आपटले, उजवा हात पिरगाळून पाठीवर नेला आणि ओल्या फांदीसारखा मोडला. नंतर मोडलेल्या हाताच्या माणसाच्या तोंडावर ते मारीत राहिले. दोघा पैलवानांनी कमरेला मिठी घातली तेव्हा थांबले. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते, त्यांतले काही देवाच्या तसबिरीवरही होते.

आळीला आनंद झाला. "वस्ताद, लय ब्येस केलं!" कोणी पेढे आणले, कोणी म्हणाले की एवढी वर्षे बोलण्यात उगाच घालवली, हेच आधी करायचे. बायासुद्धा ओवरीच्या पायरीला हात लावून गेल्या. वस्तादांनी पेढा हातात धरला होता. तो त्यांनी खाल्ला नाही, ठेवलाही नाही.

प्लास्टर घालून तो ड्रायव्हर संध्याकाळी घरी गेला. बाई घरीच होती. उरलेल्या डाव्या हाताने त्याने वरवंटा उचलला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी वस्तादांबरोबर होतो. बाईचा चेहरा चेहऱ्यासारखा राहिला नव्हता. एक डोळा बंद होता, जबडा बांधलेला. तिने वस्तादांना ओळखले आणि पट्टीआडून सावकाश, तक्रारीचा सूर न लावता, म्हणाली:

"वस्ताद, तुमच्या वाटनीचंबी त्यानं मलाच दिलं."

त्या भल्याथोरल्या माणसाला मी तेव्हा जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसताना पाहिले. जत्रेतही ते असे पडले नसतील.

तिथून ते सरळ पोलीस चौकीत गेले आणि हात मी मोडला म्हणून सांगून आले. तिथे नोंद करून त्यांना सोडले, ड्रायव्हरला तर कोणी बोलावलेही नाही. साताऱ्याहून ताई आल्या. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे अधिक भय वाटले.

"तुम्ही मारलंत ते कोणासाठी?"

"तिच्यासाठी."

"तिनं सांगितलं होतं?"

वस्तादांनी आपले तळहात उताणे करून पाहिले.

"त्या कानाबद्दल तुम्ही कोणाकोणाशी बोललात?"

"तुमच्याशी. गुरुजींशी."

"आणि घरी?"

इतक्या पुरुषांना त्यांनी बायकोसमोर बसायला शिकवले होते. स्वतः मात्र इतकी वर्षे उजव्या बाजूने नुसते चालत राहिले होते.

"मग त्या खुर्चीवर बसू नका," ताई म्हणाल्या. "आधी घरी बसा."

त्या घरात काय झाले ते वस्तादांनीच मला पुढच्या गुरुवारी सांगितले. ते वहिनींच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसले आणि बोलायला तोंड उघडले. वहिनींनी हात आडवा केला, मान वळवली आणि डावा कान पुढे केला.

"आवं, आदी ह्या कानात बोला."

"त्यात ऐकू येत न्हाई तुला."

"म्हाईत हाय. तरीबी."

ते त्या कानात सगळे बोलले. जत्रा, तांब्या, हात, सगळे. तिथे एक शब्दही पोचत नव्हता. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी उजवा कान पुढे केला आणि म्हणाल्या, "आता हिकडं परत. पयल्यापास्नं." हे सांगताना वस्ताद रडत होते. माझ्या ओठांवर श्लोक आला नाही. त्यांना बोट वर करावे लागले नाही.

पहाटे पुन्हा फावडे वाजू लागले. ताईंच्या परवानगीने ते प्रथम दवाखान्यात गेले आणि पूर्वी न विचारलेला प्रश्न त्यांनी त्या बाईला विचारला. "बाई, तुला काय पायजे?"

"माजी पोरगी," ती म्हणाली. "आन मशीन. मलकापुरात मावशी हाय माजी. तितं शिवून खाईन."

आम्ही तिच्या घरी गेलो. सोबत दिलेला हवालदार कोपऱ्यावरच्या टपरीत शिरला. "चा घिऊन आलोच," म्हणाला आणि काम उरकेपर्यंत काही आला नाही. मुलगी उंबऱ्यात उभी होती. मला पाहताच तिने माझ्या धोतराचा सोगा धरला. वस्ताद आत गेले, शिलाई मशीन पायांसकट उचलून त्यांनी छातीशी कवटाळले आणि वळले. तेव्हा ड्रायव्हर दारात आला. डाव्या हातात टायर खोलायची लोखंडी टामी होती.

पहिला वार खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर. रक्त भुवईवरून मशीनच्या काळ्या लोखंडावर ठिबकू लागले. मी ओरडलो, "वस्ताद, ठेवा ते खाली!"

"न्हाई, गुरुजी. म्हनून तर उचललंय." मग त्या माणसाकडे पाहून, नेहमीच्याच हळू आवाजात ते म्हणाले, "मार रं गड्या. माजं हात गुतल्यात."

त्याने तिसऱ्यांदा टामी उगारली. समोरचे वस्ताद मागे सरत नव्हते, पुढेही येत नव्हते. टामी वरच राहिली, मग खाली आली आणि ड्रायव्हर उंबऱ्यावर बसला. वस्ताद त्याच्याजवळून जाताना थांबले. "तुजा हात म्या मोडला, त्ये चुकलं माजं. मंगळवारी ये. ऐकून घीन."

तो एकदा आला. नंतर आला नाही. बाई मात्र मलकापूरला पोचली. तिच्या मशीनवर शिवलेली, पैलवानांच्या लाल लंगोटांची एक घडी दर मारुतीजयंतीला तालमीत येऊ लागली. वस्ताद पुन्हा त्या खुर्चीवर बसू लागले. हात मांडीखाली घेण्याआधी ते आता पूर्वीपेक्षा अधिक वेळ त्यांच्याकडे पाहत.

दशक संपण्याआधीच ते गेले. पहाटे तालमीकडे निघाले आणि अंगणातच बसले, ते उठले नाहीत. अंत्यदर्शनाला मी गेलो तेव्हा हात अंगाशी मोकळे, उताणे होते. इतकी वर्षे मी त्यांना नीट पाहिलेच नव्हते, असे वाटले.

तालीम बंद राहिली. दिवसकार्य झाले. त्यानंतर एका पहाटे मी संध्या करीत असता अंगणापलीकडून फावड्याचा आवाज आला. आचमन तसेच ठेवून मी गेलो. पैलवान दाराबाहेर खाली मान घालून उभे होते. मारुतीच्या त्या हौद्यात बाईचे पाऊल कधी पडले नव्हते. मीही त्याच रूढीत वाढलेला माणूस. आत वहिनी, पदर खोचून, घामाने निथळत, दगड झालेली माती उकरीत होत्या. देवासमोर उदबत्ती लागलेली होती.

मी हाक मारली. त्यांनी वर पाहिले नाही. फावडे चालूच राहिले.

मी त्यांच्या डावीकडे उभा होतो. पायताण दाराशी काढून, हौद्याला वळसा घालून, मी त्यांच्या उजव्या बाजूला गेलो.