दार न वाजवता

"दार न वाजवता आत जायचं म्हटलं की मला चोरासारखं वाटतं," असं तो एकदा बोलून गेला आणि गल्लीने त्याचं नाव टकटक्या ठेवलं.

आमच्याकडे दार वाजवत नाहीत. वाजवलं की आतल्याला सावरायला वेळ मिळतो, आणि सावरावं लागतं म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे. म्हणून दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या आहेत. काढायचं काम सुतारांचं; मागे राहिलेल्या भोकांत लांबी भरून, घासून, वर रंग मारायचं काम टकटक्याचं. हात इतका साफ, की इथे कधी कडी होती हे बोटांनाही कळू नये. पण त्या कामालाही तो दार वाजवूनच जायचा.

तो कुंपणापलीकडचा. इथल्या मुलीशी लग्न केलं, लेक झाली, ती धावायला लागली, तरी हा पाहुणाच. सासू समोरच्या खोलीत राहायची. म्हणायची, "जावईबापू, या ना असेच आत. वाजवून वाजवून दाराला पोचे पाडाल." तो हसून बोटं खिशात कोंबायचा. घरी सराव चालायचा. बायको आत, तो बाहेर. उंबऱ्याशी आला की हात आपोआप वर जायचा आणि लेक खिदळायची.

पाहुण्याला आपलं करून घ्यायची परीक्षा एकच. निरीक्षक बोट दाखवेल त्या घरात थेट शिरायचं आणि बाहेर येऊन, आत काय दिसलं ते गल्लीसमोर मोठ्याने सांगायचं. सांगितलेलं खरं की खोटं, हे निरीक्षक लगेच आत जाऊन बघतो. जो गप्प राहील तो नापास. मग निरीक्षक आत जात नाही, पडताळून बघण्यासारखं काही उरतच नाही. त्याने अंधार पडायच्या आत कुंपणाबाहेर जायचं, एकट्याने. बायको-मुलं इथली, ती इथेच राहतात.

त्या सकाळी गल्ली जमली. निरीक्षकाने सासूच्या दाराकडे बोट केलं तसे लोक हसले. दूधवाला म्हणाला, नशीब काढलंस, घरचाच पेपर आला. टकटक्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि खांद्याने दार ढकललं. आयुष्यात पहिल्यांदाच.

आत काय झालं ते सासूने फार पुढे, अंथरुणाला खिळल्यावर मुलीला सांगितलं. त्या सकाळी सासू पलंगाच्या कडेला बसून रडत होती. आवाज फुटू नये म्हणून आपल्या थोरल्या मुलाचा सदरा तोंडात धरला होता. त्या मुलाला गेल्या हिवाळ्यात नेलं होतं, आणि नेलेल्यासाठी जो रडतो त्यालाही नेतात.

तिने सदरा लपवला नाही. डोळे सुजून लाल झालेले, लपवून उपयोगही नव्हता. हळूच म्हणाली, "सांगून मोकळे व्हा. माझं काय राहिलंय आता? पोरीला बाप लागेल."

तो बाहेर आला आणि दार नीट ओढून घेतलं.

निरीक्षकाने विचारलं, काय दिसलं. मग पुन्हा विचारलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, तोंडात लांबी भरलीय का रे? बायको लेकीला कडेवर घेऊन पुढे आली. तिला वाटलं, तो घाबरलाय.

"अहो, जे असेल ते सांगा. एवढंच तर करायचंय."

त्याने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. लेकीने त्याचं बोट धरलं होतं. ते त्याने हलकेच सोडवून घेतलं आणि गर्दीतून वाट काढत, एक शब्दही न बोलता, कुंपणाच्या दिशेने निघून गेला.