पाऊण तासाचा इंटरप्रिटर

विलासच्या बायकोचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. "भावजी, ह्यांना अटॅक आला... गेले," एवढंच ती म्हणाली. मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि गठ्ठ्यातले उरलेले पेपर तपासून पुरे केले. का, ते मला आजही सांगता येत नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक त्याच्याविषयी बोलत होते, रडत होते. मी खुर्च्या मांडत होतो. सहा आठवडे झाले... आत काही हलतच नाही.

नगरच्या पॉलिटेक्निकात आम्ही वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. मी गणिताचा मास्तर, तो इलेक्ट्रॉनिक्सचा. मूळचा पारनेरकडचा, बोलणं त्यानं कधी बदललं नाही. शेतातल्या पंपावर बसवायची एक डबी त्यानं केली होती आणि तिच्यातल्या नखाएवढ्या चिपसाठी स्वतःचा इंटरप्रिटर लिहिला होता. म्हणजे दुभाष्याच म्हणा ना! शेतकऱ्यानं मोबाईलवर साध्या मराठीत सूचना लिहायची, दुभाष्यानं ती वाचून पंपाकडून काम करून घ्यायचं. चिपची मेमरी इतकी थोडी, की मोबाईलमधला एक फोटोही तिच्यात मावला नसता. म्हणून विलासनं अपूर्णांक गाळले. तास असोत की मिनिटं, फक्त पूर्ण आकडे.

आणि तिथंच घात झाला. सुमनताईंची पारनेरजवळ रोपवाटिका आहे. भाचीच्या लग्नाला जाताना त्यांनी लिहिलं, 'सकाळी पाऊण तास पाणी सोड.' न कळलेला आकडा दुभाष्यानं गुपचूप शून्य धरला. पंप लागलाच नाही. दोन दिवसांनी ताई परतल्या तर टोमॅटोची रोपं माना टाकून पडलेली.

"त्यांना मिनिटांत लिहायला शिकव, विषय संपला," मी म्हणालो.

"अरं, जलमभर त्या पाऊण म्हनत्यात. त्यांनी का बदलायचं? माझी चूक हाय, मी बदलतो."

आमचं कडाक्याचं वाजलं. पण पठ्ठ्यानं महिनाभर मान मोडून कुठं कुठं कात्री लावली आणि पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच सगळे त्या चिपमध्ये बसवले. मग मला म्हणाला, "तू बी शीक हे. माझ्याबिगर कुनालाच येत न्हाई." मी म्हणालो, "बघू, दिवाळीनंतर." दिवाळी आली, गेली. तो दर सोमवारी विचारायचा आणि मी दर सोमवारी टाळायचो. ही गोष्ट मला फार लागते.

गेल्या आठवड्यात सुमनताईंचा फोन आला. "सर गेल्याचं कळलं... लई वाईट झालं. पन आता कुनाला इचारू? मिरचीची रोपं टाकलीत, पान्याची येळ बदलायचीय. कसं ल्ह्यायचं ते सरच सांगायचे, मला जमंना झालंय." पाच-सहा गावांत अशा डब्या आहेत. आज ही अडली, उद्या दुसरी अडणार; मग लोक त्या काढून अडगळीत टाकणार आणि विलासनं केलेलं सगळं तिथंच संपणार. मनीषाकडून त्याची दुभाष्याच्या टिपणांची वही घेतली आणि एसटीनं पारनेर गाठलं.

वहीतलं निम्मं डोक्यावरून गेलं. रोपांच्या कडेला उकिडवं बसून मी ताईंच्या मोबाईलवर माझ्या पुस्तकी मराठीत लिहिलं, 'प्रातःकाळी सात वाजता सव्वा तास जलसिंचन करावे.' डबीकडून लगेच उत्तर आलं:

'कळलं न्हाई, भाऊ. साधं सांग. घाई न्हाई.'

मी ते वाचतच राहिलो. ताई म्हणाल्या, "त्या टोमॅटोच्या येळंपासून आसंच म्हनतंय ते. गप नाय बसत. सरांनीच घातलंय."

वहीत बघून मी साधं लिहिलं, 'सकाळी सातला सव्वा तास पाणी सोड.' डबीनं ते घेतलं. काम झालं होतं. ताई चहा टाकायला आत गेल्या.

मी इकडंतिकडं पाहिलं आणि मुद्दाम परत चुकीचं लिहिलं.